भिडेवाड्याचा धडा

शाळेचा वारसा केवळ तिच्या कमानींवरून मोजावा काय? पुण्याचा भिडेवाडा शाळेसाठी बांधलेला नव्हता. बुधवार पेठेतील ते एक राहते घर. अहमदनगरच्या मिशनमध्ये मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून प्रेरित झालेल्या जोतीराव फुले यांनी १८४८ साली या वाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी तेथे शिकविले. पुढे वास्तू जीर्ण झाली, खटले रेंगाळले आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती पाडण्यात आली. स्मारक कितीही भव्य असो, मुलींनी पहिली अक्षरे गिरविली त्या खोल्या परत येत नाहीत. मनीषनगरसारख्या नव्या वस्तीत राहणाऱ्या आम्ही हे ध्यानी घ्यावे : धर्मग्रामांतील जुन्या शाळा उभ्या आहेत, तोवरच त्यांची निगा राखता येते.