हृद्‌शस्त्रक्रियोत्तर आकडी
हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या एकदोन दिवसांत, मेंदूतील कोशिकांमध्ये अनियंत्रित विद्युत् विसर्जन होऊन रुग्णास येणारे झटके. शरीर ताठ होणे, हातपाय वा चेहरा झटकणे, शुद्ध हरपणे ही त्यांची मुख्य लक्षणे होत. पूर्वी कधीही अपस्मार (फेफरे) नसलेल्या रुग्णासही अशी आकडी येऊ शकते. शस्त्रक्रियेचे तंत्र जसजसे बदलले तसतशी या उपद्रवाची कारणेही बदलत गेली.

हृदय उघडावयाचे तर त्यातील रक्तप्रवाह थांबवावा लागतो. परंतु नेहमीच्या शरीरतापमानास मेंदू ऑक्सिजनाविना काही मिनिटेच तग धरतो. या अडचणीवर प्रथम दोन उपाय निघाले. मिनेसोटा विद्यापीठात एफ्. जॉन ल्यूइस यांनी २ सप्टेंबर १९५२ रोजी एका बालिकेचे शरीर थंड करून तिच्या हृदयाच्या दोन अलिंदांमधील पडद्याचे छिद्र शिवले. शरीर थंड केल्याने मेंदूची ऑक्सिजनाची गरज घटते. फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय व फुप्फुसे यांचे कार्य यंत्राकडे सोपवून तसेच छिद्र बंद केले; रुग्ण २६ मिनिटे सर्वस्वी यंत्रावर होती.

यंत्रामुळे शल्यचिकित्सकास अवधी मिळाला, तसे नवे धोकेही उद्‌भवले. हवेचे बुडबुडे, रक्ताच्या गुठळ्या किंवा महारोहिणीच्या कठीण झालेल्या भित्तीपासून सुटलेले कण मेंदूच्या रोहिण्यांत अडकल्यास तेथील रक्तपुरवठा तुटतो व आकडी येऊ शकते. रक्तदाब फार उतरणे आणि रक्तातील ग्लुकोज, कॅल्शियम वा सोडियम यांचे प्रमाण बिघडणे ही तिची इतर कारणे होत.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक ठरला. त्यांच्या इवल्या हृदयावर काम करताना शरीर अतिशय थंड करून रक्ताभिसरण काही काळ पूर्णपणे थांबविण्याची पद्धत रूढ झाली. महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांच्या जागा उलटसुलट असलेल्या १७१ अर्भकांची बॉस्टन येथे पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. अभिसरण पूर्ण थांबविलेल्या गटात आकडीचे प्रमाण यंत्राने मंद प्रवाह चालू ठेवलेल्या गटापेक्षा अधिक आढळले. पुढे या मुलांच्या वाढीचा मागोवा घेतला असता, आकडी ही पुष्कळदा नंतरच्या विकासातील उणिवांची पूर्वसूचना असते, असे दिसून आले.

प्रौढांमध्ये मात्र एक अनपेक्षित कारण पुढे आले. शोसुके व उताको ओकामोतो या जपानी दांपत्याने १९६२ मध्ये शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक अम्ल गुठळी विरघळू न देता रक्तस्राव आवरते. याच हेतूने वापरात असलेले ॲप्रोटिनीन हे औषध मृत्यूंच्या वाढत्या प्रमाणामुळे २००७ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आले, तेव्हा ट्रॅनेक्झॅमिक अम्लाचा वापर वाढला. पाठोपाठ दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत आकडीचे प्रमाण शेकडा १·३ वरून ३·८ पर्यंत गेल्याचे २०१० मध्ये नोंदविले गेले. यांपैकी बहुतेक रुग्णांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्या नव्या खुणा नव्हत्या. त्यांना दिलेल्या औषधाची मात्रा मात्र मोठी होती. मेंदूची उत्तेजना आवरणाऱ्या गॅबा व ग्लायसीन या द्रव्यांच्या ग्राहींना हे अम्ल अडथळा करते, असे प्रयोगांत आढळले.

तथापि औषध टाकून देणेही परवडणारे नव्हते. हृद्‌रोहिणी शस्त्रक्रियेच्या ४,६३१ रुग्णांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आकडीचे प्रमाण औषध घेतलेल्यांत शेकडा ०·७ व न घेतलेल्यांत ०·१ होते. उलट रक्तस्रावादी कारणांनी छाती पुन्हा उघडण्याची पाळी अनुक्रमे शेकडा १·४ व २·८ जणांवर आली. म्हणून औषध न सोडता त्याची मात्रा कमी करणे, हाच मार्ग पुढे आला.

आकडी आली की ती आवरण्याबरोबरच तिचे कारण शोधणे अगत्याचे असते. नवजात अर्भकांत ती बाहेरून न दिसण्याचाही संभव असतो. फिलाडेल्फियातील १६१ नवजातांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३ जणांना आकडी आली. त्यांपैकी ११ जणांची आकडी केवळ मेंदूच्या विद्युत् आलेखावरच उमटली. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अशा अर्भकांचा आलेख सतत घेणे हितावह मानले जाते.