वेड्या रोपांचे बेट

आमच्या निफाडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर काही आठवड्यांनी घड ‘जीए’च्या द्रावणात बुडवायचे काम निघे. लहानपणी प्लास्टिकचे भांडे हातात धरून मी ओळीच्या ओळी ते केले आहे. जीए म्हणजे मणी फुगवणारे औषध, एवढेच तेव्हा ठाऊक. ते भाताचा घात करणाऱ्या एका बुरशीकडून आले आहे हे पुष्कळ वर्षांनी कळले, आणि मी जिबरेलिनच्या मागे लागलो.

जपानी शेतकऱ्यांना तो रोग जुनाच. खाचरातली काही रोपे भराभर उंच होतात, फिकट, सुतळीसारखी बारीक. मग मरतात, नाहीतर दाणा न धरता उभी राहतात. त्यांनी नाव दिले ‘बाकानाए’, म्हणजे वेडे रोप. यामागे बुरशी आहे हे १८९८ साली शोतारो होरी यांनी दाखवले. पण रोग पिकाला खुरटवतो; उंच कशाला करील?

उत्तर तैवानातून आले. हे बेट तेव्हा जपानच्या ताब्यात होते. तिथे काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांचा प्रयोग साधेपणामुळेच मला मोह घालतो. त्यांनी बुरशी द्रवात वाढवली, गाळून काढून टाकली आणि नुसता द्रव निरोगी रोपांना दिला. रोपे वेडी झाली. म्हणजे बुरशी अंगात असण्याचीही गरज नव्हती, तिने सोडलेला पदार्थ पुरेसा होता. हे १९२६ साल. पुढे तोक्योत तेइजिरो याबुता यांनी बुरशीच्या ‘जिबरेला’ या नावावरून त्याला जिबरेलिन म्हटले, आणि १९३८ मध्ये त्यांनी व युसुके सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. निबंध जपानीत, त्यात महायुद्ध. पश्चिमेने नीट दखल घेतली ती १९५० नंतर. १९५८ मध्ये इंग्लंडात घेवड्याच्या कोवळ्या बियांतही जिबरेलिन सापडले. ज्याला विष समजत होते, ते झाडाचे स्वतःचेच संप्रेरक निघाले. बुरशी भाताला तेच बेसुमार पाजत होती.

इथवर पाठ्यपुस्तकांत असते. मला अडवले ते पुढच्या गोष्टीने. १९६६ साली फिलिपिन्समधून आयआर-८ हा बुटका भात आला. भरपूर खत घातले तरी न लोळणारा. त्याचा बुटकेपणा आला दी-जिओ-वू-जेन या तैवानातल्याच वाणाकडून. २००२ मध्ये उलगडा झाला की त्या वाणात जिबरेलिन घडवणारे एक विकरच निकामी आहे. अतिरेकाचे कोडे जिथे सुटले, त्याच बेटावरच्या भातातल्या कमतरतेने आशियाची कोठारे भरली. निव्वळ योगायोग, कुरोसावांचा त्या वाणाशी संबंध नाही. पण नकाशा पाहताना तो मनातून जात नाही.

जीएची भुकटी आजही त्याच बुरशीला टाक्यांत वाढवून काढतात. हे मी आप्पांना सांगितले.

“म्हणजे इतकी वर्षं आपण रोगच पाजला की घडांना,” ते म्हणाले, आणि भुकटी विरघळवायला ॲसिटोनची बाटली उघडली.