कुलाब्याचे चुंबक आणि १८५९चे सौर वादळ

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र रेखाटत असताना त्या डागांवर अकस्मात पांढरी लख्ख ज्योत उमटली आणि काही मिनिटांत विझली. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही ती स्वतंत्रपणे पाहिली.

त्याच उद्रेकात सूर्याने प्लाझ्माचा प्रचंड लोट अवकाशात फेकला होता. असा लोट आपल्यासोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्र ओढून नेतो, वाटेत पसरतो आणि पुढच्या सौरवाऱ्याला रेटत आघात-लाट उभी करतो. एरवी त्याला पृथ्वी गाठण्यास दोन-तीन दिवस लागतात. हा साडेसतरा तासांत पोचला. काही दिवस आधीच्या दुसऱ्या लोटाने त्याची वाट मोकळी केली असावी, असे अभ्यासक मानतात.

२ सप्टेंबर. किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात, मुंबई ब्रिटिशांच्या ताब्यात. दोहोंच्या अक्षांशांत एका अंशाचाही फरक नाही आणि दोन्हीकडे लख्ख दिवस होता. आकाशात दिसण्यासारखे काहीच नव्हते. मात्र कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक दुपारपूर्वीच सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला, म्हणजे तेथील मूळ बळाच्या साधारण चार टक्के. स्वयंचलित नोंदयंत्र तेथे नव्हते. माणसे डोळ्यांनी मापे वाचत आणि हाताने लिहीत. क्षोभाच्या काळात तर दर काही मिनिटांनी. कॅरिंग्टनचे नाव त्या वादळाला मिळाले, त्या हातांचे मिळाले नाही.

ही नोंद एवढी मोलाची का? लोटातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणमुखी असले की ते पृथ्वीच्या उत्तरमुखी क्षेत्राशी जुळते, ऊर्जा आत शिरते आणि विषुववृत्ताभोवती अवकाशात विद्युतप्रवाहाचे कडे प्रबळ होते. त्याचा परिणाम कुलाब्यासारख्या कमी अक्षांशांवर सर्वांत स्वच्छ दिसतो. ग्रीनिचच्या नोंदी तर कागदाबाहेरच गेल्या. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या वह्यांवरूनच या वादळाची तीव्रता मोजली. तासाच्या सरासरीने आकडा बराच खाली येतो, हा वाद अद्याप चालू आहे. तरीही तुलनेसाठी एवढे पुरे: मार्च १९८९च्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात टाकला, आणि त्याचा निर्देशांक उणे ५८९ होता.

पुढे संकट आले ते सूर्याकडून नव्हे, शहराकडून. मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला आणि तिच्या प्रवाहाने चुंबकमापन बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मापे घेण्यात आली. ही खबरदारी नसती, तर जुनी आणि नवी मालिका जोडताच आली नसती. १९०७मध्ये ट्राम धावू लागली, तेव्हा चुंबके अलिबागला सुरक्षित होती. तेथील मापन आजही चालू आहे.