रडणारा आदिवासी आणि ओलं धान्य

१९७१ साली अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात गाजली. वेणी घातलेला, कातडी पोशाखातला एक आदिवासी होडी वल्हवत येतो. पाण्यात कचरा, काठावर धुराडी. तो रस्त्याकडेला थांबतो, तेवढ्यात धावत्या मोटारीतून कुणीतरी खरकट्याची पिशवी त्याच्या पायाशी भिरकावतं. त्याच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. प्रदूषण माणसं करतात, माणसंच ते थांबवू शकतात, असा संदेश. लोक हेलावले.

तो नट, आयर्न आइज कोडी, आदिवासी नव्हताच. लुईझियानातल्या इटालियन कुटुंबातला होता. पण ही लबाडी त्यातली किरकोळच. जाहिरात 'कीप अमेरिका ब्युटिफुल' या संस्थेची होती, आणि १९५३ मध्ये ती उभी केली होती डबे, बाटल्या, शीतपेयं बनवणाऱ्या कंपन्यांनी. त्याच वर्षी व्हरमाँट राज्याने एकदाच वापरायच्या बाटल्यांतून बिअर विकण्यावर बंदी घातली होती. पूर्वी रिकामी बाटली दुकानात परत जायची, धुऊन पुन्हा भरली जायची. फेकायची बाटली आली आणि ती उचलण्याचा खर्च नगरपालिकेवर पडला, दोष फेकणाऱ्यावर. बनवणारा मोकळा. पुढे सत्तरच्या दशकात हीच संस्था बाटल्यांवर अनामत रक्कम लावणाऱ्या कायद्यांच्या विरोधात उभी राहिली, तेव्हा तिच्यासोबतच्या काही पर्यावरण संघटना तिला सोडून गेल्या.

हदीसमधला एक प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. तरी त्यांनी विचारलं, मग भिजलेलं लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस? नीट पाहून घे, असा उपदेश गिऱ्हाइकाला केला नाही. जाब विक्रेत्याला विचारला.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ग्रीनवॉशिंग'विरोधात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. 'इको-फ्रेंडली' म्हणायचं तर पुरावा द्या, असं ती सांगतात. चांगलंच आहे. पण रडणाऱ्या आदिवासीची जाहिरात यात सापडली नसती. तिच्यात मालाबद्दल एक शब्दही नव्हता. कोरडं धान्य तेवढं वर होतं.

ओरेगन राज्याने मात्र १९७१ मध्येच अनामतीचा कायदा केला. तिथे रिकामी बाटली परत केली की ५ सेंट मिळायचे. आता १० मिळतात.