जवारी : मिरजेच्या घोडीवरचे विज्ञान

सोनाळ्याच्या शाळेत काय किंवा मुंबईच्या शाळेत काय, सोनोमीटरची तार छेडली की 'टण्' असा आवाज येतो आणि लगेच विझतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रातील इलेक्ट्रिक गिटारची तारही धातूचीच. पण तिचा 'लीड'चा सूर भरदार असतो आणि लांबत जातो. हा फरक कशामुळे, असे एखादा विद्यार्थी विचारतोच. या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात, मिरजेला, गिटारच्या कितीतरी आधी सापडले होते.

ताणलेली तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही निघतात. आवाज भरदार वाटतो तो या उपस्वरांमुळे. साध्या तारेत उंच उपस्वर लवकर विरतात आणि नाद पोकळ होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील शिकलगारांपैकी काही घराणी वाद्ये घडवू लागली. हत्यारांना धार लावणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. ब्रिटिश अमलात त्याची मागणी ओसरली होती. या कारागिरांत फरीदसाहेब सितारमेकर यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढा भागातून भोपळे येत आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) मिरजेत स्थायिक झाले आणि तानपुऱ्याच्या सुराबद्दल अत्यंत चोखंदळ असा जाणकार गावाला लाभला.

तानपुऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित गोलाईने उतरता घासलेला असतो. कंप पावणारी तार या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि उचलली जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून हा स्पर्श नेमका साधतात. सूत योग्य जागी आले की तार एकदम 'बोलू' लागते. हीच जवारी. खर्जाच्या तारेतून तेव्हा गंधारही ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा संवादी स्वर होय.

पाठ्यपुस्तकातल्या नियमाला मात्र हे पटणारे नव्हते. टॉमस यंग यांनी १८०० साली दाखवले होते की, तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू येतो ते उपस्वर निघत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे स्वर गैरहजर असले पाहिजेत. कलकत्त्यात संशोधन करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांचा अभ्यास करून दाखवले की, इथे तो नियम लागू पडत नाही. 'गैरहजर' उपस्वर चांगले जोरात वाजतात. कारण त्यांनी घोडीतच शोधले. तार घोडीवर टेकते त्या प्रत्येक वेळी खालच्या कंपनांतील थोडी ऊर्जा उंच उपस्वरांकडे जाते. ते विरतात, पण पुन्हा भरले जातात.

आता गिटारकडे पाहू. १९३१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बोशँप यांनी चुंबक आणि तारेचे वेटोळे यांचा पिकअप गिटारला बसवला. यंग यांचा नियम इथे दुसऱ्या वेशात भेटतो : पिकअपखाली ज्या उपस्वराचा निस्पंद येतो तो त्याला 'ऐकू' येत नाही. म्हणून घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण, तर मानेजवळचा गोल सूर देतो. पुढे वादकांनी अँप्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे चालवला. लाटेचे माथे छाटले गेले, त्यातून नवे उपस्वर निर्माण झाले आणि मोठा-लहान आवाज जवळ आल्याने सूर लांबला. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच : कंपनाच्या मार्गात मुद्दाम अडथळा. फरक एवढाच की गिटारला वीज बाहेरून मिळते. तानपुरा बोटाने दिलेल्या ऊर्जेचीच नवी वाटणी करतो.

वर्गात हे पडताळता येईल. तानपुऱ्याची तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच तिथेच बोट हलके टेकवा. जवारी लागलेली असेल तर वरचा षड्ज गुंजत राहील. सूत काढून तेच करा; तो षड्ज जवळजवळ नाहीसा होईल. विद्यार्थ्यांनी दोन्ही नोंदी वहीत लिहाव्यात.

तारेच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. हे काम कानाने आणि कानशीने होते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नावाचे रक्षण होईल. घासणाऱ्या हाताचे ज्ञान मात्र बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडेच जाते, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला जवारी काढणारा लागत नाही. रामन यांनी शास्त्रज्ञांसमोर जे मांडले ते या कारागिरांच्या हातांना आधीच ठाऊक होते. ध्वनीचा धडा शिकवताना हेल्महोल्ट्झ आणि यंग यांच्याबरोबर त्यांचाही उल्लेख व्हायला हवा.