विजेत्याचे खरे नाव

जुना, नावाजलेला चित्रपट पुन्हा नव्याने काढावा काय, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीच्या धंद्याचा वाटतो. भांडवल कोणी घालावे, नायकाचे काम कोणी करावे आणि तिकिटे किती खपतील, एवढ्यातच त्याचा सारा विस्तार आटोपतो असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या कथेचा नायक एकदा खरोखर जगून गेलेला मनुष्य असतो, तिच्या बाबतीत हा प्रश्न केवळ धंद्याचा राहत नाही. पडद्यावर दिसले तेच लोकांच्या स्मरणात राहते. ग्रंथ वाचणारे शेकडो, तर चित्रपट पाहणारे लाखो. म्हणून अशा कथेची पुनर्निर्मिती हा आम्ही इतिहासाचाच प्रश्न समजतो, आणि त्याच दृष्टीने येथे त्याचा विचार करणार आहोत.

प्रथम निकष ठरविला पाहिजे. आपल्याकडे हा निकष फार जुन्या काळी एका थोर कलावंताने आपल्या कृतीने घालून दिला आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमिनीला मुकलेल्या शेतकऱ्याची ती कथा. पुढे चित्रपटास वाचा फुटल्यावर १९३६ साली त्याच बाबूरावांनी तीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा सांगितली. तत्पूर्वी १९३२ साली 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढून, दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली मूकपटात दाखविलेल्या हरिश्चंद्रास बोलते केले होते. ह्या दोन्ही उदाहरणांत पहिल्या कृतीचा अनादर नव्हता. पहिलीस जे सांगताच येत नव्हते ते दुसरी सांगू शकत होती, हेच तिच्या जन्माचे समर्थन. तेव्हा आमचा निकष हा: पहिल्या चित्रपटात जे मुके राहिले, त्यास वाचा देता येत असेल तरच दुसरा काढावा, एरवी नव्या नटांच्या हौसेखातर काढू नये.

हा निकष हाती घेऊन अमेरिकेतील एका प्रसिद्ध चित्रपटाकडे पाहू. 'द ग्रेट व्हाइट होप' हे हॉवर्ड सॅक्लर यांचे नाटक. त्यास १९६९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९७० साली मार्टिन रिट यांनी त्याचा चित्रपट केला. जेम्स अर्ल जोन्स आणि जेन अलेक्झांडर यांच्या भूमिका त्यात इतक्या प्रभावी उतरल्या, की दोघांचीही ऑस्करसाठी शिफारस झाली. त्या कथेचा आधार म्हणजे जॅक जॉन्सन हा मुष्टियोद्धा. गुलामगिरीतून सुटलेल्या मातापित्यांच्या पोटी १८७८ साली टेक्सासमध्ये जन्मलेला हा पुरुष १९०८ साली सिडनी येथे टॉमी बर्न्स यास नमवून सर्वांत वजनदार गटातील जगज्जेता झाला. त्या पदावर बसलेला हा पहिला कृष्णवर्णीय.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. कृष्णवर्णीयांनी मुष्टियुद्ध खेळूच नये असा अमेरिकेचा दंडक नव्हता. त्यांच्या झुंजी होत, गोरे लोक पैसे देऊन त्या पाहत, आणि कृष्णवर्णीयांचे म्हणून एक वेगळे विजेतेपदही होते. जॉन्सन स्वतः ते मिळवून बसला होता. बंद होते ते एवढेच दार: खरे विजेतेपद. ते ज्यांच्याकडे असे ते गोरे योद्धे कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी लढण्याचेच नाकारीत. जेफ्रीज याने तसेच केले आणि १९०५ साली तो अपराजित राहून निवृत्त झाला. जॉन्सन विजेता झाल्यावर मात्र त्याच जेफ्रीजला परत बोलाविण्याचा धोशा सुरू झाला. जॅक लंडनसारख्या कादंबरीकाराने त्यात आपली लेखणी झिजविली. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे ती झुंज झाली आणि पंधराव्या फेरीत जेफ्रीज हरला. त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या व माणसे मारली गेली.

ह्या झुंजीचेही चित्रण झाले होते, आणि ठिकठिकाणी त्यावर बंदी आली. १९१२ साली तर मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच अमेरिकेच्या विधिमंडळाने केला. म्हणजे जॉन्सनविषयीचा हा चित्रपट त्याचा स्वतःचा विजय होता, आणि तोच लोकांपासून दडविण्यात आला! पुढे गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या संबंधांवरून त्याच्यावर खटला भरला. १९१३ साली सर्वस्वी गोऱ्या पंचांनी त्यास दोषी ठरविले. तो परदेशी निघून गेला, १९१५ साली हवाना येथे जेस विलर्डकडून हरला, आणि १९२० साली परत येऊन त्याने कैद भोगली. १९४६ साली मोटार अपघातात तो वारला. त्या शिक्षेची माफी त्यास मिळाली २०१८ साली, मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी.

१९७० च्या चित्रपटाने ह्या पुरुषाचे काय केले? त्याचे नाव बदलून जॅक जेफर्सन असे ठेवले, आणि हवानाच्या पराभवाशी कथा संपविली. शोकांतिकेच्या शास्त्राप्रमाणे ते ठीकच झाले. परंतु जॉन्सन हा केवळ छळ सोसणारा मनुष्य नव्हता. प्रतिस्पर्ध्याचे ठोसे अधांतरी अडविणारा, घाई न करणारा, बचावाच्या कलेत आपल्या काळी अद्वितीय असा तो कारागीर होता. चित्रपटात छळ उरला, कला मागे पडली आणि नाव तर गेलेच. आमच्या निकषाने, तो चित्रपट पुन्हा काढण्यास येथे पुरेसे कारण आहे. मात्र नवा चित्रपट जॉन्सनच्या खऱ्या नावाने आणि त्याच्या कलेच्या जाणत्याने काढला पाहिजे.

इतके दूरचे उदाहरण आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितले, कारण हुबेहूब हाच प्रकार आपल्या घरी घडलेला आहे. आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' हा २००१ साली निघालेला हिंदी चित्रपट न पाहिलेले घर महाराष्ट्रात विरळा. त्यात कचरा नावाचा एक अस्पृश्य गोलंदाज आहे. त्याचा एक हात लुळा आहे, आणि त्या व्यंगामुळेच चेंडूस विलक्षण फिरकी मिळते. गावकरी त्यास घेण्यास नाखूष असतात. नायक भुवन एक आवेशपूर्ण भाषण करतो. गावाचे मन पालटते आणि कचरा खेळतो. हे पाहताना क्रिकेटचा इतिहास जाणणाऱ्या अनेकांस पालवणकर बाळू यांचे स्मरण झाले. आमच्या खारघरात रविवारी सकाळी मैदाने मुलांनी फुलून जातात. त्यांतील बहुतेकांस कचरा ठाऊक असेल. पण बाळू हे नाव ऐकलेला मुलगा शोधावाच लागेल.

बाळू जॉन्सनचे समकालीन. चर्मकार कुटुंबात १८७६ साली धारवाड येथे त्यांचा जन्म झाला. पुण्यात ते प्रथम पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदानाची देखभाल करीत. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. खेळपट्टी झाडणे, रूळ फिरविणे, जाळी बांधणे आणि साहेबांस सरावासाठी चेंडू टाकणे, ही त्यांची कामे. जे. जी. ग्रेग नावाचे एक उत्तम फलंदाज तेथे सराव करीत, आणि आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ग्रेगसारख्या फलंदाजापुढे तासन्‌तास टाकलेले ते चेंडू हीच बाळूंची पाठशाळा होती. 'लगान'मधील काल्पनिक सामना १८९३ सालचा आहे. नेमक्या त्याच सुमारास पुण्याच्या जाळीत हा खरा पुरुष आपला डावा हात घडवीत होता. जी सिद्धी त्याने श्रमाने मिळविली, ती चित्रपटाने शरीराच्या एका व्यंगास देऊन टाकली. नाव गेले त्यापेक्षाही हे नुकसान आम्हांस मोठे वाटते. कारण दलित मनुष्याची कर्तबगारी ही दैवाची चूक म्हणून दाखविणे, हा तिला नाकारण्याचाच एक सौम्य प्रकार आहे.

आता गावाच्या मन:पालटाविषयी. पुण्याच्या हिंदू क्लबाने वादविवादानंतर बाळूंस संघात घेतले खरे. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू इतरांस चालत होता; चहाच्या वेळी मात्र त्यांस बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १८९६ च्या प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले, तेथे रेल्वेच्या संघातून खेळले, आणि हिंदू जिमखान्याचे आधारस्तंभ झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता, आणि त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक ठिकाणी हरला, परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

इतके झाल्यावर त्यांस कर्णधार कोण करणार? कोणीही नाही. वर्षामागून वर्षे गेली; वय, अनुभव, कीर्ती ही सारी त्यांच्या बाजूस असूनही हिंदूंच्या संघाची धुरा दुसऱ्याच्या खांद्यावर जाई. १९२० साली तर बाळूंस संघातूनच वगळले. आणि नेमलेले कर्णधार पै आजारी पडताच, त्यांची जागा बाळूंचे बंधू विठ्ठल यांस न देता दुसऱ्या सवर्ण खेळाडूस दिली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघाबाहेर पडून जाहीर निषेध केला. लोकमत खवळले. अखेर तडजोड म्हणून बाळूंस उपकर्णधार केले, आणि सामन्यात पै काही काळ मैदान सोडून गेल्यामुळे संघ चालविण्याचा मान त्यांस मिळाला. पूर्ण कर्णधारपद त्या घरात आले ते १९२३ साली, विठ्ठल यांच्या रूपाने. आणि त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

जॉन्सनची कथा आणि ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे दोहोंचे मर्म एकच असल्याचे दिसून येते. तेथे खेळू देत, विजेतेपद देत नसत. येथे खेळू देत, कर्णधारपद देत नसत. 'लगान'ची कथा जेथे समाधानाने विसावते, की गावाने त्यास आपल्यांत घेतले, तेथे बाळूंची खरी कथा कोठे सुरू होते. संघास ज्याची गरज आहे त्यास आत घेण्यात विशेष औदार्य नाही. आपण त्याच्या आज्ञेत उभे राहण्यास तयार आहो काय, ही खरी परीक्षा होय. तीत नापास झालेला समाज इंग्रजांचा नव्हता, आपलाच होता. म्हणूनच ही कथा मोकळेपणे सांगणे जड जाते.

पुढचा भाग तर याहूनही अवघड आहे. १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांबरोबर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. तथापि त्यांचा मार्ग निराळा पडला, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी हरले. ज्या खेळाडूविषयी तरुणपणी आंबेडकरांस आदर वाटे, त्याच्याशीच ही लढत व्हावी हे दैवदुर्विलसित म्हणावे लागेल. ह्या पराभवामुळे बाळू कोणत्याच पक्षास सोयीचे राहिले नाहीत. सवर्णांस त्यांच्या आठवणीने शरम वाटावी, आणि आंबेडकरांच्या अनुयायांस त्यांची शेवटची लढाई रुचू नये. मग त्यांचे स्मारक कोणी करावे? विठ्ठल यांनी 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले, म्हणून पुष्कळ गोष्टी वाचल्या. बाळू १९५५ साली निवर्तले. त्यांच्या अंत्यदिनाची तारीख ४ जुलै, रेनोच्या झुंजीचीच.

यावर कोणी म्हणेल की कलावंतास स्वातंत्र्य आहे. त्याने नाव बदलले, प्रसंग जुळविले तर बिघडले काय? आम्हांस ते स्वातंत्र्य मान्य आहे. 'लगान' काल्पनिक गावाची कथा सांगतो आणि इतिहासाचा दावा करीत नाही, हेही खरे. परंतु अस्सल मनुष्य अज्ञात असता त्याची छाया जगप्रसिद्ध होते, तेव्हा ती छायाच इतिहासाची जागा घेते. दुसरा आक्षेप असा, की जुन्या जखमा उघड्या करून काय साधणार? पण ही जखम भरून आली आहे असे गृहीत धरूनच तो घेतला जातो, आणि आम्हांस ते गृहीतच मान्य नाही. तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: निवडणुकीतील पराभवाशी संपणारा चित्रपट कोण पाहील? हवानाच्या पराभवाशी संपणारा चित्रपट लोकांनी पाहिलाच की नाही? प्रेक्षकांस आपण समजतो तितके ते कोवळे नसतात.

बाळूंच्या चरित्रावर हिंदी चित्रपट काढण्याच्या घोषणा झालेल्या आहेत. त्या मनसुब्यांस आमच्या शुभेच्छा आहेत. मात्र एक मागणे आहे. १९०६ च्या विजयापाशी, गुलाल उधळून, पडदा पाडण्याचा मोह निर्मात्यांनी आवरावा. तेथे थांबलेला चित्रपट हा 'लगान'चीच दुसरी आवृत्ती होईल. त्याने फक्त नाव परत मिळेल. बाळूंस त्यांचे नाव परत द्यावे, त्यांच्या डाव्या हाताचे श्रम परत द्यावेत, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या आपणां सर्वांस तो प्रश्न विचारावा, जो हिंदू जिमखान्याच्या निवड समितीपुढे अनेक वर्षे पडून होता: खेळवायला घेतले, हे ठीक, कर्णधार का केले नाही?