दुसऱ्याच्या जबड्यासाठी घडलेली करवत

प्लास्टिक सर्जरीची कुळकथा म्हटली की आपण मराठी माणसं थेट पुण्याच्या कावसजीपाशी जाऊन थांबतो. टिपूच्या कैदेत नाक गमावलेला गाडीवान, त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवं नाक घडवणारा पुण्याजवळचा कारागीर आणि १७९४ मध्ये ती हकिकत छापणारं लंडनचं ‘जंटलमन्स मॅगझिन’. अभिमान रास्तच आहे, पण ती कथा कातडीची. ट्रान्स स्त्रीचा चेहरा स्त्रीचा दिसावा म्हणून आज जबड्याची आणि गालांची हाडं कापली जातात, त्या विद्येचं कूळ निराळं आहे. त्यातली जवळजवळ सगळी हत्यारं भलत्याच कामासाठी घडली.

पहिली ठळक नोंद १८४९ ची, अमेरिकेतल्या व्हीलिंग गावची. सायमन हलिहेन या दंतवैद्यकातल्या शल्यचिकित्सकाकडे वीस वर्षांची एक तरुणी आली. पाचव्या वर्षी ती भाजली होती. मानेवरचा व्रण आक्रसत गेला, त्याने हनुवटी खाली ओढून धरली आणि वाढत्या वयात खालचा जबडा पुढे लांबत गेला. हलिहेनने दातांच्या रांगेखालचं हाड पाचरीसारखं कापून पुढचा भाग मागे बसवला. जखम बरी करायची म्हणून नव्हे, तर जागा चुकलेलं हाड जागेवर आणायचं म्हणून केलेली जबड्याची ही पहिली शस्त्रक्रिया मानतात. नंतर १८९७ मध्ये सेंट लुईसच्या विल्रे ब्लेअरने पुढे आलेल्या खालच्या जबड्याचा दोन्ही बाजूंनी एकेक तुकडा काढून तो मागे घेतला.

वरचा जबडा सुटा करण्याचं धाडस मात्र गाठींपायी झालं. नाकामागच्या पोकळीतल्या गाठीपर्यंत हात पोचावा म्हणून बॉस्टनच्या डेव्हिड चीव्हरने १८६७ मध्ये वरचा जबडा कापून खाली उतरवला. चेहऱ्याच्या रूपाशी त्याला काहीही देणंघेणं नव्हतं. जबडा म्हणजे त्याच्या वाटेतला दरवाजा.

मग येतो लील शहरातला रने ल फोर. या विषयात त्याचं नाव इतक्या वेळा उच्चारलं जातं की तो शस्त्रक्रिया शोधणारा असावा, असा कुणाचाही समज व्हावा. त्याने शोधली ती मोडतोड. मृतदेहांच्या पस्तीस डोक्यांवर त्याने आघात केले, काहींवर दांडक्याने, काही टेबलाच्या कडेवर आपटून. नंतर मांस काढून हाड कुठे तडकलं ते पाहिलं. १९०१ मध्ये त्याने मांडलं की मधला चेहरा कसाही फुटत नाही, ठरावीक तीन रेषांवर फुटतो. सगळ्यांत खालची रेषा दातांच्या मुळांवरून आडवी जाते, दुसरी नाकाच्या मुळापर्यंत चढते, तिसरी चेहरा कवटीपासूनच वेगळा करते. अपघाताच्या या नकाशाचा शल्यचिकित्सकांनी पुढे कापण्याचा आराखडा केला. आजही वरचा जबडा सरकवायचा असेल तर डॉक्टर ‘ल फोर वन’ म्हणतात.

पहिल्या महायुद्धात फुटक्या जबड्यांचा पूर आला आणि इंग्लंडमध्ये सिडकपच्या इस्पितळात हॅरल्ड गिलीजने चेहरे पुन्हा उभे केले. याच गिलीजने पुढे कवटीच्या जन्मजात विकृतीसाठी मधला चेहरा तिसऱ्या रेषेवर सोडवून पुढे आणला; ती हकिकत १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. आणि याच गिलीजने १९४० च्या दशकात मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषावर आणि १९५१ मध्ये रोबर्टा कॉवेल या ट्रान्स स्त्रीवर लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया केल्या. म्हणजे दोन्ही विद्या एकाच माणसाच्या हातात होत्या. तरीही ट्रान्स स्त्रीच्या चेहऱ्याच्या हाडांची अशी वेगळी विद्या उभी राहायला आणखी तीसेक वर्षं जावी लागली. मला या कुळकथेतली ही सर्वांत बोलकी जागा वाटते. हत्यार होतं, हात होता, फक्त चेहरा हाही लिंगाचाच भाग आहे का, हा प्रश्न कुणी टेबलावर ठेवला नव्हता.

मधल्या काळात खरी मजल मारली झुरिकच्या ह्यूगो ओब्वेगेझरने. खालच्या जबड्याचा मागचा, कानाकडे चढणारा भाग तो तोंडाच्या आतून उभा चिरू लागला. हाडाचे दोन पापुद्रे होतात आणि काडेपेटीचा खण खोक्यात सरकावा तसे ते एकमेकांवर सरकतात. जबडा पुढे घ्या, मागे घ्या, हाडाला हाड मोठ्या पृष्ठभागावर टेकलेलंच राहतं, म्हणून सांधतंही चांगलं. बाहेर वण नाही. १९५७ मध्ये ट्राउनर या सहलेखकाबरोबर त्याने हे इंग्रजीत मांडलं, हनुवटीचं हाड तोंडातून कापून सरकवण्याची रीतही त्याच वर्षी दिली. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड इस्पितळात त्याची व्याख्यानं झाली आणि अमेरिकन डॉक्टर या वाटेला लागले. वरचा जबडा चहूबाजूंनी सुटा केला तर तो जगेल कसा, ही भीती टेक्ससच्या विल्यम बेलने माकडांवरच्या प्रयोगांतून घालवली: हिरड्या आणि टाळू शाबूत राहिले तर तेवढ्या मऊ भागातून हाडाला रक्त पुरतं. धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू आले तेव्हा कुठे दोन्ही जबडे कित्येक आठवडे तारेने बांधून पेज पिण्याचा जाच संपला.

हे सगळं झालं हाड सरकवणाऱ्या घराण्याबद्दल. हाड खरवडणारं घराणं याहून वेगळं आहे, आणि ते एका गैरसमजातून सुरू झालं. कानाखाली जबडा रुंद दिसतो तो चावण्याच्या स्नायूमुळे, असं धरून १९४० च्या दशकात स्नायूच कापून काढत. मग लक्षात आलं की कोपऱ्याचं हाडही बाहेर झुकलेलं असतं. १९४९ मध्ये ॲडम्सने ते बाहेरून छेद घेऊन कापलं, १९५१ मध्ये कॉन्व्हर्सने तोंडातून. पुढे या कामाची खरी शाळा पूर्व आशियात भरली. १९८३ मध्ये जपानच्या ओनिझुकाने गालाची हाडं बसकी करण्याची रीत मांडली, १९८९ मध्ये कोरियाच्या बेकने जबड्याच्या कोनावरचा आपला अनुभव छापला. तिथल्या गिऱ्हाइकांत बहुतेक स्त्रियाच होत्या. चौकोनी जबडा त्यांना नको होता.

१९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डॅरेल प्रॅट या शल्यचिकित्सकाने डग्लस ऑस्टरहाउटला विचारलं, माझी एक रुग्ण आहे, तिची लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी लोक तिला पुरुषच समजतात, तिच्या चेहऱ्याचं काही करता येईल का? ऑस्टरहाउट दंतवैद्यही होता आणि डॉक्टरही. पॅरिसच्या पॉल टेसिएकडे तो शिकला होता, जन्मजात वेड्यावाकड्या कवट्या सरळ करणं हे त्याचं रोजचं काम. उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, म्हणून तो कवट्यांकडे गेला. मानवशास्त्रज्ञांनी अनोळखी सांगाडा बाईचा की बाप्याचा हे ओळखण्यासाठी लिहून ठेवलेली लक्षणं त्याने जमवली आणि शहरातल्याच दंत महाविद्यालयात जपलेल्या ॲटकिन्सन संग्रहातल्या शेकडो कवट्या मोजल्या. पुरुषाच्या कपाळाचा कंगोरा, उंच चौकोनी हनुवटी, बाहेर वळलेला जबड्याचा कोन. मेलेल्याची ओळख पटवणारी यादी जिवंत बाईच्या चेहऱ्याचा नकाशा झाली.

आता या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या ट्रान्स बाईचा प्रश्न. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनने वाढवलेलं हाड इस्ट्रोजेन घेऊन मागे हटत नाही. हार्मोन कातडी आणि चरबी बदलतं, जबडा नाही. म्हणून हाडाला हात लावावा लागतो. पण बहुतेकींना लागतं ते खरवडणाऱ्या घराण्याचं काम: कोन गोल करणं, खालची कड उतरवणं, हनुवटीतून आडवा तुकडा काढून ती बुटकी आणि निमुळती करणं. यात दात जिथे होते तिथेच राहतात.

सरकवणारं काम म्हणजे सगळा संसारच हलवणं. वरचा जबडा फार उंच असेल, हसताना हिरड्याच दिसत असतील, किंवा खालचे दात वरच्यांच्या पुढे बसत असतील, तर ते कामाचं. पण आधी दातांना तारा, बहुधा वर्षभर किंवा जास्त. वरचा जबडा वर चढवला किंवा पुढे आणला की नाकाचा पायथा रुंदावतो, म्हणजे जे कमी करायला गेलो तेच वाढतं, म्हणून तिथे टाका घालून तो आवळावा लागतो. खालचा जबडा मागे नेला तर जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होते; घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाने हे आधी तपासून घ्यावं. शिवाय ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस या हाडाच्या पोटातूनच जाते. शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ काही महिने बधिर राहणं नेहमीचं, काहींचा थोडाबहुत कायमचा राहतो. खरवडण्यातही ती नस जवळच असते, आणि हाड फार उतरवलं तर वरची कातडी सैल पडून गालफडं लोंबतात. दातांचा चावा ठीक असताना केवळ चेहऱ्याच्या लांबीसाठी दोन्ही जबडे हलवावेत असा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नये, असं माझं मत आहे.

आता संगणकावर सीटी स्कॅनवरून आधीच सगळं कापून पाहता येतं, कापण्याचे साचे छापून घेता येतात. पैशाचं मात्र तसं नाही. भारताच्या २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या १५ व्या कलमात विम्याच्या संदर्भात लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि चक्क लेसरचंही नाव आहे. चेहऱ्याच्या हाडांचं नाही. ती ‘इतर आरोग्यविषयक बाबीं’त शोधावी लागतात. तेच कलम आरोग्य पुस्तिका ‘डब्ल्यूपॅथ’ या ट्रान्सजेंडर आरोग्याच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काढा असंही सांगतं, आणि त्या तत्त्वांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीतल्या शस्त्रक्रियांच्या यादीत खालचा जबडा आणि हनुवटी ही दोन्ही नावं छापलेली आहेत. विमा कंपनीला अर्ज करणाऱ्या बाईने ते पान सोबत जोडावं.